श्रावणकाकांचं कार्ड

अकोल्यात जुनं ग्राफिक्स कार्ड विकत घ्यायचं आणि ते शाकीबला न दाखवता घ्यायचं, असला शहाणपणा आता कोणी करत नाही. पूर्वी करायचे. तोंडावर आपटायचे आणि मग यायचे. जुन्या शहरात ‘रहीम इलेक्ट्रॉनिक्स’ नावाचं दुकान आहे. पाटीवर अजून रेडिओचं चित्र आहे, कारण शाकीबचे अब्बा, अब्दुल रहीम, रेडिओ दुरुस्त करायचे. अब्बा गेले, रेडिओ गेले, पाटी बदलायची तेवढी राहून गेली. आत शाकीब बसतो. वय छत्तीस, अंगानं काटकुळा, बोलायला फटकळ आणि कामाला चोख.

आता हे कार्ड म्हणजे काय, तर कॉम्प्युटरच्या पोटात बसणारी वीतभर लांबीची, दोन पंख्यांची पाटी. पडद्यावरचं चित्र तीच रंगवते. नवं घ्यायचं म्हटलं की घरात विचारावं लागतं, आणि घरातले विचारतात, एवढ्यात सेकंडहँड मोटारसायकल नसती का आली? म्हणून आपल्याकडची गेम खेळणारी मंडळी सहा-सात वर्षं जुनं, मधल्या फळीचं कार्ड शोधत फिरतात. वाईट नसतं बरं ते! सगळ्यात भारी सेटिंग लावायचा हव्यास सोडला, मध्यम सेटिंग ठेवलं, तर आजचा गेमसुद्धा गुण्यागोविंदानं चालतो. अडचण एकच. कार्ड आधी कोणाच्या घरी नांदत होतं हे खरं कोणी सांगत नाही. ‘आमच्या भाच्यानं फक्त सिनेमे पाहिले हो यावर,’ असं म्हणून दोन वर्षं अहोरात्र क्रिप्टोची डिजिटल नाणी काढायच्या घाण्याला जुंपलेलं कार्ड खुशाल गळ्यात मारतात.

शाकीबपुढे ही थाप चालत नाही. तो आधी स्क्रू बघतो, स्क्रूची खाच झिजली असेल तर कार्ड कोणीतरी उघडलेलं असतं. मग नाकाशी नेऊन वास घेतो. मग पंखा बोटानं फिरवून कानाशी धरतो. आणि शेवटी दुकानातल्या कॉम्प्युटरवर चढवून एक तास पूर्ण भारावर पळवतो. एक तास म्हणजे एक तास. गिऱ्हाईक चुळबुळतं, चहा पितं, ‘भाऊ, झालं असन ना आता’ म्हणतं. शाकीब मान वर करत नाही. पंचावन्नाव्या मिनिटाला मेलेली कार्डं त्यानं पाहिली आहेत. आणि तासाभरानं कार्ड चांगलं निघालं, तरी गेम हरणारा तक्रार घेऊन येतोच, त्याला तो सरळ सांगतो, ‘नाचता येईना अंगण वाकडं! कार्ड चांगलं हाय, तू खेळणं शिक.’

आणखी एक खोड त्याला अब्बांकडून आली होती. आपला हा खारपाणपट्टा. तेल्हारा, अकोट, तिकडे सगळं पाणीच खारं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसावर गेला की घरोघरी कूलर लागतो, त्या कूलरमध्ये तेच पाणी, आणि माणसं काय करतात? कॉम्प्युटर तापतो म्हणून त्याचं झाकण काढतात आणि कूलर थेट त्याच्या उघड्या पोटावर सोडतात. घ्या! महिन्याभरात आतल्या पाटीवर पांढरी बुरशी आल्यासारखा खार चढतो. अब्बा कूलरच्या मोटरी दुरुस्त करायचे तेव्हा ती पांढरी पूड बोटावर घेऊन जिभेला लावायचे. खारट लागली की निदान पक्कं. शाकीबही तेच करायचा. दर उन्हाळ्यात तेल्हाऱ्याकडून अशी पाच-पंचवीस कार्डं यायची आणि त्याची जीभ एकदाही चुकली नव्हती.

एप्रिलमध्ये श्रावणकाका आले ते असंच कार्ड घेऊन. म्हणजे कार्ड नाही, अख्खा कॉम्प्युटरच पोत्यात घालून, एसटीनं, तेल्हाऱ्याजवळच्या आपल्या गावाहून.

श्रावणकाकांनी तीस वर्षं ट्रक चालवला होता. रुईच्या गाठी भरायच्या आणि थेट कोइमतूर गाठायचं. दोन वर्षांपूर्वी शुगरनं डाव्या पायाचा अंगठा खाल्ला, तो कापावा लागला, आणि मालकानं किल्ली काढून घेतली. त्यानंतर हा माणूस घरात नुसता बसून राहायचा. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. गोदाबाई, त्यांची बायको, घाबरून गेली होती. मुलगी हर्षा पुण्यात नोकरीला. तिचा कॉलेजातला कॉम्प्युटर घरी पडून होता. दिवाळीला ती आली, तिनं त्यावर ट्रक चालवायचा गेम टाकला, साधं स्टिअरिंग आणून जोडलं आणि बापाला खुर्चीत बसवलं.

झालं! श्रावणकाका जिवंत झाले. रोज सकाळी आंघोळ करून, पडद्याला उदबत्ती ओवाळून गाडीवर बसायचे. सिग्नल पाळायचे. वळताना इंडिकेटर द्यायचे. गेममधले रस्ते परदेशातले, पण त्यांनी त्यांना आपली नावं दिली होती. हा नांदेड फाटा, हा निजामाबादचा टोलनाका. गावातली रिकामी माणसं बाजूला येऊन बसायची, त्यांना ते ‘क्लीनर’ म्हणायचे. गोदाबाई म्हणायची, ‘घरातल्या घरात ट्रिपा मारते हा माणूस, पण जेवते तं सई, बाप्पा.’

हे सगळं शाकीबला ठाऊक होतं, कारण हर्षानं ते कार्ड कॉलेजात असताना त्याच्याकडूनच पारखून घेतलं होतं.

‘शाकीबभाऊ, गाडीले पाहा बरं,’ श्रावणकाका पोतं खाली ठेवत म्हणाले. ‘रस्त्यावर काळे ठिपके दिसून राहिले. दोरे दोरे तरंगते मधात. अन् पांढरा पट्टा हाय ना रोडचा, तो लहरी घेते सापावानी.’

‘कूलर कुठी ठेवता काका?’

‘बाजूलेच. झाकण काढून देल्लं म्या. गाडी तापली तं बोनेट उघडाच लागते.’

शाकीबला हसूच आलं. त्यानं टॉर्च मारली. पाटीवर पांढरं धुकं बसलं होतं. बोटानं पुसलं, जिभेला लावलं. खारट ढाण!

‘काका, तुम्ही कार्डाले लोणच्यात घातलं हो! हे पाहा. ठिपके याचेच. कार्डच हाय.’

‘कार्डच हाय ना?’ श्रावणकाकांनी दोनदा विचारलं.

‘शंभर टक्के.’

सुट्ट्या लागलेल्या, दुकानात ही गर्दी. शाकीबनं स्पिरिट आणि ब्रश घेऊन कार्ड घासलं, सुकवलं, उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली. दहा मिनिटं चालवलं, चित्र येतंय एवढं पाहिलं. तास? तासाची गरजच काय होती! जिभेनं सांगितलं होतं ना. श्रावणकाकांना त्यानं पडद्यापुढे बसवलंसुद्धा नाही. ‘कूलर दूर ठेवा, झाकण लावून घ्या,’ असं बजावून परत पाठवलं. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पोतं उचलून निघाले. त्या दिवशी शाकीब खुशीत होता, कारण मोठ्या माणसानं डोक्यावर हात ठेवला की कोणीही खुश होतोच.

जूनमध्ये काकांचा फोन आला. ‘शाकीबभाऊ, ठिपके तसेच हाय रे. वाढले उलटे. काल तीनदा दुभाजकावर गाडी चढवली म्या. तीस वर्सात एकदा नाई चढली, माय कसम.’

शाकीबनं विचार केला, आणि या विचाराचाच त्याला पुढे सगळ्यात जास्त राग यायचा. त्यानं असा विचार केला की खार आत मुरला असेल, मेमरीच्या पायांपर्यंत गेला असेल, आणि आठ वर्षांचं कार्ड आता किती जगणार? एकदा मनात ‘कार्ड’ बसलं की बसलं. त्यानं काकांना सांगितलं, दुसरं पाहू. अमरावतीत ओमप्रकाश नावाचा एक जण आपलं गेमिंगचं दुकान बंद करतोय, त्याच्याकडची कार्डं सांभाळलेली आहेत.

‘मी येतो,’ श्रावणकाका म्हणाले. ‘गाडी घ्याची अन् मी न पाहता घ्याची? जमत नाई.’

दोघं अकोल्याहून एसटीनं अमरावतीला गेले. स्टँडवर उतरताना काकांचा पाय पायरीवर न पडता हवेत पडला. शाकीबनं दंड धरला म्हणून वाचले. ‘अंगठा नाई ना,’ काका म्हणाले, ‘अंदाज चुकते.’ खरंच वाटलं शाकीबला. का वाटू नये? अंगठा तर नव्हताच.

ओमप्रकाशच्या दुकानात मात्र धमाल झाली. शाकीब स्क्रू तपासतोय आणि इकडे काकांनी त्या भल्या माणसाची उलटतपासणी सुरू केली.

‘कितवा मालक तू?’

‘पहिलाच, काकाजी. बिल आहे माझ्याजवळ.’

‘कोण्या ड्रायव्हरच्या हातात होती? एकाच्याच, का बदलते ड्रायव्हर होते?’

ओमप्रकाशला हसावं की रडावं कळेना. ‘बदलते होते हो, येणारी मंडळी खेळायची.’

‘हात्तिच्या! मंग हे भाड्याची गाडी झाली. भाड्याच्या गाडीले कोणी जीव लावत नाई.’ मग पंखा कानाशी धरून ऐकला. ‘बेरिंग चांगली हाय पण. आवाज गोल हाय.’

शाकीबनं मान डोलावली, कारण त्याचंही तेच मत होतं. मग त्यानं कार्ड चढवलं आणि पूर्ण तास पळवलं. तापमान सत्तरच्या घरात राहिलं, चित्रात एक ठिणगी नाही, रेघ नाही, पंख्याचा सूर शेवटपर्यंत एक. त्या किमतीत यापेक्षा चांगलं कार्ड अख्ख्या वऱ्हाडात मिळालं नसतं, हे तो आजही सांगेल. तासभर श्रावणकाका पडद्यापुढे बसून होते. मान डावीकडे वळवून, तिरपे, जसं कोणी दाराच्या फटीतून पाहावं तसे. शाकीबनं ते पाहिलं. पाहिलं आणि मनात म्हणाला, म्हाताऱ्याची मान एसटीत आखडली.

‘कसं वाटते काका?’

‘साफ हाय,’ श्रावणकाका म्हणाले. जरा थांबून पुन्हा म्हणाले, ‘पयल्यापेक्षा साफ हाय.’

कार्ड बसलं. आठ दिवस काकांचा रोज फोन. आज नांदेड गाठलं, आज निजामाबाद पार केलं. नवव्या दिवशी फोन आला नाही. मग महिनाभर आला नाही. शाकीबला वाटलं, चला, एक काम मार्गी लागलं.

ऑगस्टच्या शेवटी गोदाबाईचा फोन आला. तिनं शाकीबला कधी फोन केला नव्हता. ‘बापू, तुमी येऊन जा एकदा. हे दिवसभर त्या पडद्यापुढे बसते अन् डोकं आपटून घेते. म्हणते कार्ड पुन्हा गेलं. चहाचा कप ठेवला तं कपाच्या बाजूले हात घालते.’

तो कपाचा तपशील ऐकला आणि शाकीबला पहिल्यांदा वाटलं, हे कार्ड नसेल. तरीसुद्धा, माणूस कसा असतो बघा, निघताना त्यानं पिशवीत काय घेतलं? दुकानातला स्वतःचा मॉनिटर आणि नवी वायर. म्हणजे अजूनही आशा होती की मॉनिटर गेला असेल, वायर सैल असेल, काहीतरी असं असेल जे पिशवीतून आणून बदलता येतं.

गावात पोचला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. श्रावणकाका खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली. शाकीबनं मॉनिटर बदलला. वायर बदलली. गेम सुरू केला. रस्ता समोर आला, स्वच्छ, लख्ख, दोन्ही बाजूंना हिरवी झाडं, मधला पट्टा सरळ रेघेत. कार्ड उत्तम चाललं होतं.

‘हे पाहा,’ श्रावणकाका पडद्यावर बोट टेकवून म्हणाले, ‘हे काळं. अन् हे इथून हे दोरे आले. दिसलं?’

बोटाखाली निळं आभाळ होतं.

‘दिसलं ना शाकीब?’

शाकीबनं हात लांब करून पडद्याचं बटण दाबलं. पडदा विझला.

‘आता दिसते का, काका?’

‘हाय ना.’

‘काका, पडदा बंद केला म्या.’

शाकीबनं श्रावणकाकांचा खांदा धरून त्यांना हळूच पांढऱ्या भिंतीकडे वळवलं. ‘भितीवर पाहा बरं.’

‘भितीवरबी हाय,’ श्रावणकाका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पडला नाही. दारात उभ्या गोदाबाईनं पदर तोंडात धरला.

हर्षा पुण्याहून रातोरात आली आणि दुसऱ्या दिवशी ती, काका आणि शाकीब अकोल्यात डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, बराच वेळ पाहिलं आणि मग काकांना हर्षाबरोबर पुन्हा आत बोलावलं. शाकीब बाहेरच थांबत होता, पण काकांनी त्याचा हात सोडला नाही, म्हणून तोही आत गेला. शुगरनं डोळ्यामागचा पडदा खाल्ला होता. उजव्या डोळ्यात रक्त उतरून आत जाळी धरली होती, तो गेल्यातच जमा. डाव्याच्या मधोमध सूज होती, तिथलं बरंच गेलं होतं. इंजेक्शनं देऊ, लेझर करू, आहे तेवढं राखायचा प्रयत्न करू. गेलेलं परत येईल असं समजू नका.

‘कधीपासून दिसत होते ठिपके?’ बाईंनी विचारलं.

‘एप्रिलपासून,’ हर्षा म्हणाली.

‘एप्रिलमध्ये आणायला हवं होतं,’ बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. ‘तेव्हा बरंच वाचलं असतं.’ त्या रागावल्या नव्हत्या, रोज दहा जणांना सांगत असतील. पण शाकीबच्या कानात ते वाक्य जे शिरलं ते आजतागायत निघालेलं नाही.

बाहेर बाकावर हर्षा एकदम बोलली. ‘शाकीबभाऊ, दर रविवारी बाबा मले फोनवर सांगत होते, कार्ड बिघडलं, शाकीब पाहून राहिला. मी म्हटलं, शाकीबभाऊ पाहून राहिले म्हणजे झालं, आपण कायले डोकं लावा? तुमच्या भरवशावर राहिले मी. शुगरचा माणूस हाय, ठिपके म्हणते, तुम्हाले एकदाबी वाटलं नाई का हो?’

शाकीब काय सांगणार? की जिभेला खारट लागलं म्हणून? दुकानात गर्दी होती म्हणून? हर्षा रडायला लागली. ‘मी तरी पोरगी हाय ना त्यांची. मले तरी कुठी वाटलं!’ असं म्हणाली आणि आत निघून गेली.

घरी गुलनारनं, त्याच्या बायकोनं, त्याची समजूत घालायचा प्रयत्न केला. तुम्ही काय डॉक्टर आहात? तुमच्याकडे कार्ड आणलं, तुम्ही कार्ड पाहिलं. बरोबरच होतं तिचं. पण बरोबर असून उपयोग काय? बैल गेला आणि झोपा केला, तसं त्यानं दुकानात आता नवं सुरू केलं. कोणीही ठिपक्यांची, रेघांची तक्रार घेऊन आला की आधी त्याला भिंतीकडे पाहायला सांगायचं. वीस-बावीस वर्षांची तरणीताठी माणसं त्याच्याकडे वेड्यासारखं बघायची. एकाचाही डोळा खराब निघाला नाही. ज्याचा होता त्यालाच विचारायचं राहून गेलं होतं, आणि हे आठवलं की त्याच्या हातातलं काम तिथंच थांबायचं.

दसऱ्यानंतर हर्षाचा फोन आला. डाव्या डोळ्याला तीन इंजेक्शनं झाली, बाबांना कडेकडेचं थोडं दिसतं, समोरचं नाही. ‘तो कॉम्प्युटर घेऊन जा, शाकीबभाऊ. ते त्याच्यापुढे बसते अन् गाडी ठोकत राह्यते. आईले पाहवत नाई. विका, ठेवा, काहीबी करा.’ तिच्या आवाजात राग उरला नव्हता. असता तर शाकीबला जड गेलं नसतं.

तो गावी पोचला. श्रावणकाका त्याच खुर्चीत, दाढी आज केलेली, गालावर एक कापल्याची खूण. चपलांच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं.

‘गाडी न्याले आला का?’

‘हो, काका.’

‘नेजो. पण एक ट्रिप मार पयले. तू चालव. मी बसतो क्लीनर.’

‘मले येत नाई, काका.’ आणि ते खरं होतं. हजारभर कार्डं पारखली असतील त्यानं, शेकडो गेम सुरू करून पाहिले असतील, पण एकही कधी खेळला नव्हता. कार्ड तापतंय का एवढंच बघायचा.

‘मी शिकवतो. बस.’

काकांनी स्टूल ओढून घेतलं. शाकीबनं स्टिअरिंग धरलं. गाडी सुरू झाली तशी श्रावणकाकांनी कान टवकारला. ‘दाबू नोको एवढी. ऐक ना, कशी कन्हते ते. हां. आता टाक पुढचा गिअर. टाक लेका!’ शाकीबनं गाडी फुटपाथवर घातली, एका खांबाला ठोकली, पुन्हा रस्त्यावर आणली. काका हसले. कित्येक महिन्यांनी हसले असतील. आतून गोदाबाई डोकावून गेली.

‘काय दिसते सांग.’

‘रस्ता हाय. झाडं हाय. डाव्या हाताले पेट्रोल पंप.’

‘सरळ चाल. पंपानंतर चढ लागते.’

चढ लागला. मग श्रावणकाका त्याच सुरात, गिअर सांगितल्यासारखं म्हणाले, ‘शाकीब, तू झुरून राहिला म्हणते हर्षा. काहून झुरतं? एप्रिलात तुले काय माहीत होतं?’

‘माहीत नोतं काका. पण मी विचाराले पायजे होतं.’

‘मले होतं माहीत.’

शाकीबचे हात स्टिअरिंगवर थांबले.

‘तुह्या दुकानात आलो ना, त्याच्या आधी महिनाभर मले अंगणात दिसत होते ठिपके. भाकरीवर दिसत. गोदीच्या तोंडावर दिसत. मी काय लहान हाय? आमच्या लाइनीतला एक ड्रायव्हर असाच गेला होता, शुगरनं, म्या त्याले हात धरून नेलं होतं घरी. मले समजलं होतं रे.’ त्यांनी चाचपडून शाकीबचा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला. ‘पण पोत्यात गाडी भरली अन् तुह्यापाशी आलो. रस्त्यानं नुसता नवस करून राहिलो होतो, हा म्हणू दे, कार्ड खराब हाय. कार्ड असन तं बदलता येते ना. अन् तू म्हटलं, कार्डच हाय, शंभर टक्के. वापस जाताना एसटीत मी झोपलो शाकीब. गाढ झोपलो. गाव मागे गेलं तरी उठलो नाई.’

शाकीबला कळेना, हे खरं आहे की आपली सुटका व्हावी म्हणून म्हातारा बोलतोय. विचारायची हिंमत नव्हती. आणि खरं असलं तरी सुटका कुठे होती? हा माणूस घाबरून त्याच्याकडे आला होता, आणि त्यानं दहा मिनिटांत त्याला निजवून परत पाठवलं होतं.

‘गाडी काहून थांबली?’ श्रावणकाकांनी विचारलं.

पडद्यावर ट्रक चढाच्या मधोमध उभा होता आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. शाकीबनं डोळे पुसले. त्याला माफी मागायची होती.

‘मागे लाइन लागली ना बाप्पा,’ श्रावणकाका म्हणाले. ‘काय दिसते समोर, सांग.’